दोष कोणाचा आणि भरपाई कशाची?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या पिढ्या ऐकू येत आले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. शेताच्या बांधावरून भाऊबंदकी माजविणारांस, किंवा वाटणीतल्या चार भांड्यांसाठी वकिलाचे घर भरणारांस हा उपदेश योग्यच होता. परंतु ज्या घरचा मिळवता माणूस सकाळी मोटारीतून निघाला तो परत आलाच नाही, त्या घरातील विधवेस व पोरक्या मुलांस हेच वाक्य ऐकविण्यात येते, तेव्हा शहाणपणाच्या नावाखाली अन्याय होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून मोटारीच्या एका विशिष्ट अपघाताचा, म्हणजे एका गाडीने दुसरीच्या कुशीवर दिलेल्या धडकेचा, आज विचार करावयाचे आम्ही योजिले आहे. अशा धडकेत दोष कसा ठरतो, भरपाई कोणास व किती मिळते, आणि ती मागण्यात काही कमीपणा आहे काय, हे तीन प्रश्न क्रमाने पाहू.

विवेचनास एखादे स्थळ डोळ्यांपुढे असावे, म्हणून आपण भंडारा जिल्ह्यातील साकोलीस जाऊ. नागपूरहून भंडारा, लाखनी अशी गावे मागे टाकीत रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ साकोलीवरून जातो. पूर्वी ह्याचाच क्रमांक ६ होता. लाखांदूर, वडसा व गडचिरोली ह्या बाजूंस जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. नागझिऱ्याचे अरण्य जवळ आहे आणि भोवताली तलावांचा व धानाचा मुलूख पसरलेला आहे. त्यामुळे परप्रांतांतून आलेल्या मालमोटारी, धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर, शाळेतल्या मुलांच्या सायकली आणि वाघ पाहावयास निघालेल्या नागपूरकरांच्या मोटारी ह्या सर्वांची गाठ अशा फाट्यांवर पडते. प्रत्येकास घाई असते आणि प्रत्येकाची वाट दुसऱ्याच्या वाटेला आडवी जाते.

आता एक प्रसंग कल्पावा. नागपूरचे एक कुटुंब महामार्गाने देवरीकडे चालले आहे. बावीस वर्षांचा पुतण्या गाडी हाकीत आहे, त्याच्या शेजारी डाव्या बाजूस अडतीस वर्षांचे काका बसले आहेत, मागे काकू व आजी आहेत. काकांची दोन मुले परीक्षेमुळे घरीच राहिली आहेत. एका फाट्यावर डाव्या हाताच्या आडरस्त्याने आलेली मालमोटार न थांबता महामार्गावर येते आणि काकांच्या दारावर आदळते. काका जागीच जातात, काकूंची कंबर मोडते, आजी व पुतण्या थोडक्यात बचावतात. हे कुटुंब आमच्या कल्पनेतले आहे. परंतु अशी घरे आपल्या ओळखीत नाहीत, असे म्हणणारा वाचक विरळाच.

कुशीवरची धडक समोरच्या धडकेपेक्षा घातक का, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. समोरून आघात झाला तर गाडीचा पुढचा भाग चेपत जातो आणि बराचसा जोर तोच गिळून टाकतो. बाजूस मात्र माणूस व आघात ह्यांच्यामध्ये वीतभर जाडीचे दार तेवढे असते. ह्याच कारणास्तव १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' ह्या वाहन-परीक्षेत समोरच्या धडकेबरोबर कुशीवरची धडकही तपासली जाते. गाडी घेताना रंग व आसनांचे कापड पाहणाऱ्या मंडळींनी हा निकालही पाहावा.

महाराष्ट्राने अशा धडकेचे एक दुःखद उदाहरण पाहिलेले आहे. ३ जून २०१४ रोजी सकाळी केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीच्या विमानतळाकडे निघाले होते. मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांस जेमतेम आठवडा झाला होता. वाटेतील एका चौकात दुसऱ्या मोटारीने त्यांच्या गाडीच्या बाजूस धडक दिली. ते मागील आसनावर होते. त्यांस तातडीने रुग्णालयात नेले, तथापि ते वाचले नाहीत. शवचिकित्सेत मान व यकृत ह्यांस झालेल्या गंभीर इजा आढळल्या. मागल्या आसनावरील पट्टा बांधलेला असता तर काय झाले असते, ही चर्चा त्यानंतर देशभर झाली, आणि अपघाताची चौकशी अखेर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आली. राजधानीच्या भर चौकात मंत्र्यांच्या गाडीस झालेल्या अपघातालाही एवढी चौकशी लागली, तर आडगावच्या फाट्यावर दोष आपोआप उघड होईल, असे मानून स्वस्थ बसणे किती भोळेपणाचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

तरीही रस्त्यावर जमलेल्या गर्दीचा निकाल घटकेत लागतो. गर्दीचे न्यायशास्त्र दोन सूत्रांचे आहे. मोठी गाडी ती दोषी, हे पहिले. आणि जिने धडक दिली ती दोषी, हे दुसरे. कायद्यास ही दोन्ही सूत्रे मान्य नाहीत. चौकाजवळ येताच प्रत्येकाने वेग कमी करावा. आडरस्त्याने मुख्य रस्त्यावर येणाराने मुख्य रस्त्यावरील वाहनांस आधी जाऊ द्यावे. आणि दोन्ही रस्ते सारख्याच दर्जाचे असून तेथे दिवा अगर पोलीस नसेल, तर उजवीकडून येणारास वाट द्यावी, असा रस्त्याचा नियम आहे. म्हणजे ज्याची गाडी मार खाते तोही दोषी असू शकतो. मुख्य रस्त्यावर अचानक आडव्या आलेल्या गाडीच्या कुशीत दुसरी गाडी घुसली, तर मार खाणाऱ्याचीच चूक ठरण्याचा संभव अधिक. आमच्या प्रसंगात मालमोटारीने महामार्गास वाट दिली नाही, हा तिचा दोष उघड आहे. परंतु पुतण्याही फाटा दिसत असताना भरवेगाने आला असेल, तर त्याचीही हयगय गणली जाईल. वाट आपली असली म्हणजे डोळे मिटून जावे असा त्याचा अर्थ नव्हे.

मग खरे काय ते कळावे कसे? माणसे विसरतात, घाबरतात, कित्येकदा खोटेही बोलतात. पण वस्तू बोलतात त्या बहुधा खऱ्या. दारावरचा चेप पुढच्या खांबापाशी आहे की मागच्या चाकापाशी, ह्यावरून चौकात आधी कोण शिरले ह्याचा अंदाज बांधता येतो. काचेचा चुरा व चिखलाचे गठ्ठे जेथे पडले, ते स्थळ टकरीच्या जागेजवळचे. ब्रेकच्या काळ्या रेघा वेग व दिशा सांगतात. आणि रेघा मुळीच नसतील तर चालकाने ब्रेक दाबला होता काय, अशी शंका घेण्यास जागा होते. पेट्रोलपंपावरील अथवा दुकानावरील कॅमेऱ्याचे चित्रण बहुतेक ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याविषयी पोलिसांस व मालकास ताबडतोब लेखी कळवावे. गाड्या हलविण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावी, साक्षीदारांची नावे व दूरध्वनी क्रमांक टिपून घ्यावे, आणि घटनास्थळाचा पंचनामा व नकाशा होताना घरचे एखादे शांत डोक्याचे माणूस तेथे हजर असावे.

अर्थात सर्वांत आधी माणूस, मग पुरावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावे. बाहेरून जखम दिसत नसली तरी कुशीवर आघात झालेल्या प्रत्येकास रुग्णालयात तपासून घ्यावे. पोटातील व मानेची इजा लपून राहते. २०२५ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्तास पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. आणि जो वाटसरू जखमीस उचलून नेतो त्यास पोलिसांचा ससेमिरा लागू नये, म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने त्यास कायद्याचे संरक्षण दिलेले आहे. तेव्हा 'नसती पीडा' म्हणून दुसऱ्याच्या अपघाताकडे पाठ फिरविण्यास आता सबब उरलेली नाही.

एका मोहापासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. अपघातस्थळी कोणी तरी पुढे होतो आणि 'हे घ्या पंचवीस हजार, आपसात मिटवून टाका' असे म्हणतो. भेदरलेले घर त्या कागदावर सही करते. चार महिन्यांनी काकूंच्या कंबरेवर दुसरी शस्त्रक्रिया निघते, तेव्हा त्या सहीची किंमत कळते. फौजदारी खटल्याच्या निकालावरही सर्वस्वी विसंबू नये. तेथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात कोणती गोष्ट अधिक संभवनीय एवढेच पाहतात. त्यामुळे चालक फौजदारीतून सुटला तरी भरपाईचा दावा तेवढ्याने बुडत नाही.

येथे एकत्र कुटुंबास छळणारी एक भीती येते. 'दावा केला तर पुतण्याची चूक बाहेर येईल आणि सगळेच हातचे जाईल,' असे म्हणून घरातली वडील मंडळी गप्प बसतात. ही भीती निराधार आहे. काका व काकू गाडी चालवीत नव्हते. दोन चालकांची मिळून हयगय झाली व तीत तिसऱ्याच माणसाचे नुकसान झाले, तर त्या माणसास संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेनयेई प्रकरणात स्पष्ट केले आहे. पुतण्याच्या चुकीसाठी काकूंच्या भरपाईतून पैही कमी होत नाही. कमी होते ती ज्याची स्वतःची हयगय, त्याची. म्हणून पुतण्या स्वतः जखमी झाला असेल तर त्याच्या रकमेतून त्याच्या दोषाचा वाटा वजा होईल, आणि ते न्याय्यच आहे. त्यास वाचविण्याकरिता 'गाडी मी चालवीत होतो' असे दुसऱ्याने म्हणणे हा मात्र अविचार होय. एका असत्याने साऱ्या दाव्यावरचा विश्वास उडतो.

ह्याच संदर्भात विम्याचा कागद उघडून पाहावा. दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे, आणि मालमोटारीच्या विम्याच्या दृष्टीने आपल्या गाडीतील सर्व माणसे तिऱ्हाईतच ठरतात. परंतु आपल्या स्वतःच्या गाडीचा विमा केवळ सक्तीपुरता असेल, तर तीत बसलेल्या घरच्या मंडळींस त्याचा उपयोग सहसा होत नाही; पॅकेज पॉलिसी असेल तर होतो. वर्षाकाठी थोडे पैसे वाचविण्यासाठी आपण नेमके कोणाचे संरक्षण काढून घेतो, हे कुटुंबप्रमुखांनी ध्यानात आणावे.

आता तो तिसरा व सर्वांत नाजूक प्रश्न. सुसंस्कृत घरांतून असे बोल ऐकू येतात की, 'गेलेल्या माणसाचे पैसे करावयाचे काय? तो रक्ताचा पैसा आम्हांस पचणार नाही.' ह्या उद्गारामागील शोक खरा आहे, म्हणूनच त्याचे उत्तर हळुवारपणे दिले पाहिजे. भरपाई ही मृताची किंमत नव्हे. ती कोणासही करता येणार नाही. मृताच्या खांद्यावर जी जबाबदारी होती ती ज्याने हयगयीने पाडली, त्याने ती काही अंशी उचलावी, एवढाच तिचा अर्थ. काका जिवंत असते तर त्यांनी मुलांची फी भरली असती, आईचे औषध आणले असते. ते कर्तव्य त्यांच्याबरोबर संपत नाही. घरातील वडिलांनी अभिमानाने नाकारलेला पैसा वस्तुतः त्यांचा नसतोच. तो विधवेचा व मुलांचा असतो. दुसऱ्याच्या हक्काचा त्याग आपण करणे ह्यास औदार्य म्हणत नाहीत.

हा हक्क अनायासे मिळालेला नाही. अपघाती मृत्यूबद्दल कुटुंबीयांस भरपाई मागता यावी असा कायदा आपल्याकडे १८५५ साली झाला. मोटारींचा कायदा १९३९ साली आला. आणि अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय १९५६ च्या दुरुस्तीने झाली. आज १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. हक्कदार कोण, ह्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली गुजरात राज्य परिवहनाच्या एका प्रकरणात जी दृष्टी घेतली ती आपल्या वाचकांस विशेष आवडेल. भारतीय कुटुंबात भाऊ, बहिणी व त्यांची मुले एकत्र राहतात आणि मिळवत्या माणसावर अवलंबून असतात, हे ओळखून न्यायालयाने मृताच्या भावासही दावा करण्याचा अधिकार मान्य केला.

गृहिणीच्या श्रमांचे मोल हीही अशीच एक गोष्ट. 'ती काही मिळवीत नव्हती' असे म्हणून गृहिणीच्या मृत्यूचा दावा क्षुल्लक लेखण्याची रीत होती. १९८९ साली जमशेदपूर येथे एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक स्त्रिया गेल्या. त्या लता वाधवा प्रकरणात, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयाने मध्यम वयाच्या गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले. आणि २०२१ च्या कीर्ती प्रकरणात गृहिणीचे उत्पन्न कल्पून भरपाई देणे हे तिच्या श्रमांस व प्रतिष्ठेस मान देणे होय, असा विचार मांडला. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या आपल्या घरातील स्त्रीच्या कामाचा हिशेब घराने कधी केला नाही; तो न्यायालयास करावा लागला.

रक्कम ठरते कशी, हे उदाहरणाने सांगतो. काकांचे वय ३८, कायम नोकरी, आयकर वजा जाता मासिक वेतन ४०,००० रुपये. चाळिशीच्या आतील कायम नोकरास पुढील वेतनवाढीबद्दल निम्मी भर घालावी, असे २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरले आहे. म्हणून ६०,००० झाले. अवलंबून असणारी माणसे चार, म्हणजे काकू, दोन मुले व आजी. तेव्हा २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे मृताच्या स्वतःच्या खर्चाबद्दल चौथा हिस्सा वजा करावा. उरले ४५,०००, वर्षाचे ५,४०,०००. ह्या वयास गुणक १५. म्हणून ८१,००,००० रुपये, आणि शिवाय अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरेंबद्दल ठरीव रकमा. आता समजा, गाडी काका स्वतःच चालवीत होते आणि त्यांचा दोष चौथाई ठरला. तर ह्याच रकमेतून २०,२५,००० रुपये कमी होतील. काचेच्या चुऱ्याचे एखादे छायाचित्र किती मोलाचे, ते ह्यावरून कळेल. जखमीच्या बाबतीत उपचारांचा खर्च, बुडालेले वेतन, वेदना आणि कायम अपंगत्वामुळे कमाईवर झालेला परिणाम हे धरतात. म्हणून औषधांच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा फेकू नये.

अर्ज कोठे करावा? अपघात साकोलीस झाला तर भंडाऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. परंतु दावेदार नागपुरास राहात असेल तर नागपुरासही करता येतो. नव्या तरतुदीप्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, अशी मुदत आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला असला, तरी दुसऱ्याच्या वादावर आपला हक्क टांगून ठेवू नये. दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याचीही सोय कायद्यात आहे; मात्र ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो, म्हणून हिशेब करूनच निवड करावी. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर इजेबद्दल ५०,००० रुपयांची निराळी योजना आहे. वकिलाच्या खर्चाची धास्ती वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य साहाय्य मिळण्याचा अधिकार आहे. निकाल न पटल्यास नागपूर खंडपीठाकडे अपील करता येते.

एक शेवटची सूचना कुटुंबातील वडीलधाऱ्यांस. न्यायाधिकरण बहुधा प्रत्येकाचा वाटा ठरवून देते आणि अज्ञान मुलांची रक्कम बँकेत मुदतीने ठेवण्यास सांगते. तो वाटा घराच्या सामायिक खर्चात, धाकट्या दिराच्या धंद्यात, अथवा नणंदेच्या लग्नात विरून जाऊ देऊ नये. काकूंच्या नावाची रक्कम काकूंच्या खात्यात, आणि खात्याचे पुस्तक काकूंच्या हाती असावे. रस्त्यावरचा दोष न्यायाधीश ठरवितो. घरात मागाहून होणाऱ्या दोषास न्यायाधीश नसतो.

तेव्हा त्या जुन्या म्हणीत आम्ही थोडा फेर सुचवितो. शहाण्याने उगाच कोर्टाची पायरी चढू नये हे खरे. पण आपल्या आश्रितांच्या हक्कासाठी चढावी लागली तर सत्य सांगत, कागद सांभाळीत व वेळेवर चढावी. आणि त्याहून मोठे शहाणपण हे की, साकोलीचा असो वा आपल्या गल्लीच्या तोंडचा असो, फाटा दिसताच वाट आपली असली तरी पाय ब्रेकवर न्यावा, आणि गाडी सुरू होण्यापूर्वी मागे बसलेल्या आजीचाही पट्टा बांधलेला आहे ना, हे मागे वळून पाहावे.